काढून ठेवलेला दिवस

शपथ कुणाची घेऊ ते तुम्हीच सांगा, मी घेते. यातला शब्दन् शब्द खरा आहे. मागे मी तुम्हाला पोहणाऱ्या मांजराची गोष्ट सांगितली होती, तिला थोडं तिखटमीठ लावलं होतं, कबूल. हिला चिमूटभरसुद्धा नाही. हसायचं नाही. आणि मध्येच 'मग पुढे?' म्हणून टोकायचं नाही, मला गोष्टीचं टोक सापडेनासं होतं.

तर एक रोपवाटिका होती. पुढे काचघरं, आणि मागे एक लांबलचक खोली. खिडकी म्हणाल तर एकही नाही, दार एकच. भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर काळे ट्रे, ट्रेमध्ये रोपं. प्रत्येक ट्रेच्या वर वीतभर अंतरावर दिव्याची पट्टी. पंख्यांची घरघर चाललेली, ओल्या मातीचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. तिथे बटण दाबलं की सकाळ आणि बटण सोडलं की रात्र. त्यामुळे तिथली माणसं 'दिवा लाव' असं म्हणतच नसत. 'दिवस लाव' म्हणायची. 'दिवस लावलास का गं?' 'लावला की, केव्हाचा.' नवख्या माणसाला वाटायचं, हे सगळे भ्रमिष्ट आहेत.

हे दिवे बनवायची धाकटी. वय अठ्ठावन्न, केस पांढरे, तरी नाव धाकटीच. घरात तिच्याहून सात वर्षांनी मोठी थोरली होती ना, म्हणून. दोघी बिनलग्नाच्या, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. भांडायच्या अगदी व्यवस्थित, चहाच्या वेळा ठरलेल्या असतात तशा भांडणाच्याही ठरलेल्या.

आता दुखणं काय होतं ते ऐका. दिव्याखालची रोपं दिसायला गोजिरवाणी, पण बाहेर उन्हात नेली की तासाभरात माना टाकायची. रोपवाटिकेचे माळीबुवा वैतागून म्हणायचे, "बाई, ही तुमची लाडावलेली पोरं. यांनी ढग बघितला नाही, ऊन चढताना बघितलं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपलं एकच, जेवलास का, जेवलास का. मग बाहेरचं जग बघून घेरी येणारच."

धाकटीच्या डोक्यात ते बसलं. रोपांना खराखुरा दिवस द्यायचा, ढगांसकट. त्यासाठी आधी दिवस पकडायला हवा. तिनं शर्टाच्या गुंडीएवढं एक यंत्र केलं. ते एवढंच करायचं: दर मिनिटाला उजेड किती आहे त्याचा एक आकडा लिहायचं. चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही, मिनिटाला एक आकडा. ते आकडे मग दिव्याला द्यायचे, आणि दिवा तो दिवस पुन्हा करून दाखवणार. माणसं फोटो काढतात तसा हिनं दिवस काढायचं ठरवलं. आपण सगळे नुसतेच दिवस काढतो, हिला एक काढून ठेवायचा होता.

यंत्र ठेवलं घरीच, पूर्वेच्या खिडकीपाशी, थोरलीच्या कुंड्यांमध्ये.

"काय गं, माझ्यावर पाळत?" थोरली म्हणाली.

"तुझ्यावर नाही, उन्हावर."

"मग उन्हाला सांग, मध्ये मध्ये मी येणार. माझी झाडं आहेत."

"ये की. पण लुडबुड करू नकोस."

"अठ्ठावन्न वर्षं तुझी लुडबुड सोसली, तेव्हा कुणी यंत्र लावलं नाही."

तो दिवस पुरता निघाला, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी थोरलीच्या हातून यंत्र बादलीत पडलं. "याला पोहता येत नाही वाटतं," एवढंच म्हणाली. धाकटी दोन दिवस बोलली नाही तिच्याशी.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात थोरली दुपारची आडवी झाली ती उठलीच नाही. तिच्यासाठी ओतून ठेवलेला चहा निवून गेला.

मग धाकटी कुणाची धाकटी? पण नाव तेच राहिलं. संध्याकाळी घरी आली की सवयीनं बेल वाजवायची. थोडा वेळ उभी राहायची. मग पर्समध्ये किल्ली शोधायची. आत गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. बोलणार कुणाशी? एकदा तिला वाटलं आपला आवाज बसलाय की काय, म्हणून मुद्दाम खोकून बघितलं.

दिवा मात्र तिनं पुरा केला. खोलीच्या शेवटच्या मांडणीवर एका ट्रेच्या वर लावला. सकाळी बटण दाबलं की हळूहळू उजाडायचं. आठ पाचला ढग यायचा, पावणेनऊला दुसरा. आणि दहा वाजून वीस मिनिटांनी उजेड निम्म्यावर यायचा, तो दहा एकतीसपर्यंत.

हा ढग नव्हता. धाकटीला ठाऊक होतं. दहा वीसला थोरली कुंड्यांना पाणी घालायची. खिडकी आणि कुंड्या यांच्यामध्ये उन्हाकडे पाठ करून उभी राहायची, अकरा मिनिटं.

मग धाकटीनं त्या मांडणीशेजारी भिंतीला टेकून एक स्टूल ठेवलं. रोज दहा वीसला चहाचा कप घेऊन तिथे बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, पाय दुखतात.

रोपं झकास आली. बाहेर उन्हात नेली तरी ताठ. रोपवाटिकेच्या मालकीणबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "चाळीसच्या चाळीस दिवे असे करायचे." मग घड्याळ लावून दिवसभर त्या दिव्यासमोर बसल्या. बाईंची नजर करड्या शिस्तीची. दुसऱ्या दिवशी धाकटीला बोलावून घेतलं.

"ढग राहू दे. पण ही दहा वीसची खोट कसली? अकरा मिनिटं अंधारल्यासारखं होतं."

"काहीतरी आडवं आलं असेल, बाई."

"मग तेवढं काढून टाक."

आता तुम्हीच सांगा, जगात थोरलीचं जे काही उरलं होतं ते ती अकरा मिनिटं. आवाज कुठे नव्हता, फोटो होते पण सगळ्यांत थोरलीचे डोळे मिटलेले. धाकटी म्हणाली, "एक ट्रे बघून मग काढते." एका ट्रेला बारा दिवस लागायचे.

त्या ट्रेचं पहिल्यांदा माळीबुवांच्या लक्षात आलं.

"बाई, तुम्ही इथे उभ्या राहता का?"

"बसते. बाजूला. का?"

"मधली रोपं ताणलीत."

उजेड कमी पडला की रोप ताणतं, म्हणजे उंच, काटकुळं आणि फिकं होतं. ट्रेच्या मधोमध तशी रोपं होती, बाकीची ठेंगणी, हिरवीगार. धाकटी स्टुलावर चढली आणि तिनं वरून पाहिलं. फिक्या रोपांचा एक आकार होता. डोकं. मान. खांदे, त्यातला डावा जरा खाली. डावा हात कोपरात वाकलेला, हाताच्या टोकाला तांब्याएवढा गोल.

थोरली डावखुरी होती.

धाकटी खाली उतरली. तिनं दिव्याची पट्टी पुसली, तारा तपासल्या, प्रत्येक बारीक दिवा मोजून पाहिला. सगळे सारखे. पट्टी आणि ट्रे यांच्यामध्ये वीतभर जागा, तिथे माणसाचं डोकंसुद्धा शिरत नाही. आणि यंत्रानं लिहिलं होतं काय? मिनिटाला एक आकडा. उजेड कमी झाला तर सगळ्या ट्रेवर सारखाच कमी होणार. आकड्याला खांदा नसतो. आकड्याला हात नसतात.

"कुणीतरी उजेड अडवतंय, बाई," माळीबुवा म्हणाले. "रोपाला थापा मारता येत नाहीत."

"उंदीर असेल."

"पाणी घालणारा?"

दोघंही हसली नाहीत.

धाकटीनं ट्रे बदलला, माती बदलली, बियाणं बदललं. पट्टी उलटी करून लावली. बारा दिवसांनी पुन्हा आकार. तांब्या नव्हता. दोन्ही हात खाली सोडलेले. पाणी घालून झालं की माणूस उभं राहतं तसं.

तिनं मालकीणबाईंना सांगितलं, "अजून एक ट्रे बघते." बाईंच्या कपाळाला आठी पडली, पण त्या थांबल्या.

तिसरा ट्रे. या वेळी आकार मधोमध नव्हता. तो ट्रेच्या कडेला सरकला होता. मान वळलेली होती, स्टुलाच्या बाजूला.

माळीबुवांनी तो ट्रे पाहिला आणि रोपांना बोटही न लावता बाहेर नेला. परत आले तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या बसत जाऊ नका इथे."

"एकटी कुठे असते," धाकटी म्हणाली. तिच्या तोंडून ते असं सहज निघून गेलं की दोघंही एकमेकांकडे बघत राहिली.

मग मात्र मालकीणबाईंचा निरोप आला. चाळीस दिवे तयार आहेत, उद्या सकाळी लागले पाहिजेत, आणि ती खोट नको. नाहीतर दुसरा माणूस बघू.

धाकटीनं पडद्यावर आकड्यांची रांग उघडली. दहा वीस ते दहा एकतीस. अकरा आकडे. तिनं दहा एकोणीसचा आकडा उचलला आणि त्या अकरांच्या जागी अकरा वेळा तोच लिहिला. थोरलीला पुसायला दीड मिनिट लागलं.

सकाळी तिनं दिवस लावला. चाळीसच्या चाळीस दिवे एकदम उजळायला लागले. एकदम म्हणजे एकदमच, कारण सगळे एकाच तारेवर होते. एक आकडा निघाला की चाळीसांना एकाच क्षणी मिळायचा. एकट्या एखाद्याला मंद व्हायचं म्हटलं तरी होता येत नव्हतं. ते जोडकाम तिनं स्वतः केलं होतं. आठ पाचचा ढग आला, पावणेनऊचा आला, गेला. मालकीणबाई दारातून बघून समाधानानं गेल्या. माळीबुवा काचघरात निघाले. दारात जरा थांबले, मग गेले. दार त्यांच्यामागे लागलं.

दहा वीसला धाकटी चहा घेऊन स्टुलावर बसली.

काही झालं नाही. उजेड होता तसाच. दहा पंचवीस. चहावर साय धरली.

"गेली," धाकटी मोठ्यानं म्हणाली. खोलीत पंख्यांशिवाय कुणी नव्हतं.

दहा एकतीस.

खोलीच्या पलीकडच्या टोकाला, दाराजवळचा पहिला दिवा मंद झाला.

तो उजळला, आणि त्याच्या शेजारचा मंद झाला.

मग त्याच्या शेजारचा.

सावकाश. काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन, सांडू नये म्हणून जपून चालावं, तसं. मांडणीमागून मांडणी. धाकटीनं कप खाली ठेवला. पळायचं तिच्या मनात आलं नाही. एकोणचाळिसावा दिवा. चाळिसावा.

चाळिसावा मंद झाला तो तसाच राहिला.

स्टुलाच्या वर दिवा नव्हता. तरी धाकटीच्या मांडीवरचा उजेड गेला. मग हातांवरचा.

"ताई," ती म्हणाली, "उशीर केलास."

पंखे घरघरत राहिले.

मग उजेड परत आला. धाकटीनं खुंटीवरची पिशवी उचलली आणि ती घरी गेली.

त्यानंतर ती कामावर आली नाही. मालकीणबाईंना वाटलं, रुसली असेल. दुसरा माणूस आला, त्यानं सगळं बघितलं, आणि दिव्यांत काही दोष नाही असं सांगून गेला. माळीबुवा साडेदहाच्या सुमारास त्या खोलीत जाईनासे झाले.

बारा दिवसांनी ट्रे बाहेर काढायची वेळ आली. एकोणचाळीस ट्रे सारखे, ठेंगणे, हिरवेगार. चाळिसावा माळीबुवांनी स्वतः उचलला. काचघरात नेऊन खाली ठेवला, आणि लांब होऊन पाहिला.

आकार दोन होते. एक उभा, डावा खांदा जरा खाली. दुसरा त्याच्याहून ठेंगणा, बसलेला, हात मांडीवर. दोन्ही आकारांच्या खांद्यांमध्ये हिरवं रोप एकसुद्धा नव्हतं.

मालकीणबाई म्हणाल्या, "पुन्हा तीच खोट."

माळीबुवा म्हणाले, "राहू द्या, बाई. काढायला जाल तर वाढेल."

झाली गोष्ट. आता एवढी शपथ घेऊन बसलेय तर एक कबूल करून टाकते, नाहीतर मला झोप यायची नाही. यात एकच गोष्ट माझ्या पदरची आहे. धाकटी पिशवी उचलून घरी गेली, असं मी म्हटलं ना, ते. तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून घातलं. बाकी सगळं खरं. माळीबुवा पावणेअकराला परत आले तेव्हा दाराला आतून कडी होती. ती त्यांनी पहारीनं उचकटली, मालकीणबाईंना मात्र काही सांगितलं नाही. आत चाळीस दिवे लख्ख होते, पिशवी खुंटीला होती, आणि स्टुलाला हात लावून पाहिला तर ते अजून कोमट होतं.