मनगटाखालचा गार हात

खोटं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. मलाही वाटलं असतं. पण त्या संध्याकाळी भुसावळच्या त्या हॉलमध्ये मी स्वतः दुसऱ्या रांगेत बसलो होतो.

गोष्ट माझ्या मावसबहिणीची, शिल्पाची. गेल्या वर्षीची बुद्धपौर्णिमा.

आणि आधीच सांगून ठेवतो, आमच्या घरात भूतबीत कोणी मानत नाही. शिल्पाचे वडील, सुपडूनाना, त्यांच्यासमोर असला विषय काढून बघा. "बाबासाहेबांनी यातून बाहेर काढलं आपल्याला, आणि तुम्ही परत तिथंच चालले?" म्हणत उभं सोलून काढतील.

म्हणून तर शिल्पाने त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

शिल्पा भुसावळला मुलांना कीबोर्ड शिकवते. नाना भडगावला असतात, एसटीतून रिटायर झालेले. लेकीचं कोण कौतुक त्यांना! भेटेल त्याला आपल्या अहिराणीत सांगणार, "मनी पोर पियानो वाजाडस. कोनाकडे शिकाले गयी नही, सोताच शिकनी."

आता कीबोर्ड वेगळा आणि पियानो वेगळा, हे नानांना कोण समजावणार? शिल्पानेही समजावलं नाही. बापाचा फुललेला चेहरा बघितला की तिची जीभच रेटायची नाही. तिचा कीबोर्ड अगदी साधा. आवाज कमी पडला की बटण फिरवायचं, झालं काम. पियानोवर बोटांनी आवाज मोठा करायचा असतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

हॉल रेल्वेच्या जुन्या वस्तीतला. कोपऱ्यात कापड टाकलेला एक म्हातारा पियानो. संध्याकाळी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात शिल्पा आपल्या कीबोर्डवर वाजवणार आणि मुली बुद्धवंदना म्हणणार, इतकंच ठरलं होतं. पण नाना भडगावहून गाडी भरून माणसं आणत होते, लेकीचा पियानो ऐकवायला. निदान फोटोपुरतं तरी पियानोवर बसता यावं, म्हणून ती दुपारीच हॉलवर गेली.

मे महिन्यातली भुसावळची दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

हॉलमध्ये ती एकटी. झाडलोट करणाऱ्या ताईबाई बाहेर ओट्यावर आडव्या झालेल्या.

शिल्पाने कापड काढलं. पट्ट्यांवर बोटं दाबली.

आवाज आला... एवढासा.

तिने जोर लावला. खांदे कानाला लागले, बोटं लाकडासारखी झाली. आवाज नुसता टकटक येत होता, भरत नव्हता. कोपरापर्यंत कळ गेली. बघायला कोणी नव्हतं, तरी तिचं तोंड लाजेने लाल झालं. आपण कसल्या पियानोवाल्या!

तेवढ्यात मागे... पाणी वाजलं.

माठात हात बुडवून बाहेर काढावा, तसं.

तिने वळून पाहिलं. भिंतीशी माठ होता. पालथा घातलेला. ठणठणीत कोरडा.

"ताईबाई?"

बाहेरून फक्त घोरणं ऐकू आलं.

भास असेल म्हणून तिने पुन्हा हात पट्ट्यांवर ठेवले.

आणि... उजव्या मनगटाखाली कोणीतरी तळहात दिला.

गार. ओला.

दिसत काहीच नव्हतं. त्या तळहाताने तिचा हात वर उचलला आणि पटकन बाजूला झाला. शिल्पाचा हात तसाच हवेत ताठ राहिला. पुन्हा उचलला. पुन्हा ताठच. लहान मुलाची परीक्षा घ्यावी तसं चाललं होतं. शेवटी भीतीने तिचं सगळं अंगच ढिलं पडलं आणि हात आपल्या वजनाने खाली आला.

हॉल दणाणला!

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आणि तिने जोर म्हणून लावलाच नव्हता हो. काडीचाही नाही.

ती किंचाळत बाहेर पळाली. ताईबाई तिला धरून आत घेऊन आल्या, तेव्हा पट्ट्यांवर ओल्या बोटांचे ठसे होते. दोघींच्या डोळ्यांदेखत ते वाळून गेले.

"कामिनी मॅडम असतील," ताईबाई दूधवाला येऊन गेल्यासारखं म्हणाल्या. "इथंच शिकवायच्या. उन्हानं हात तापतात म्हणून माठात हात बुडवून बसायच्या. पोरांच्या मनगटाखाली हात धरायच्या आणि दिवसभर एकच, हात सोड, आवाज आपोआप येईल. किती पोरं शिकवली बाई! शेवटी आजारी पडल्या तर एकही फिरकलं नाही. आता तर कोणी नावसुद्धा घेत नाही त्यांचं."

शिल्पा तशीच घरी गेली.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मूर्तीपुढे मेणबत्त्या, मागे खिरीचं पातेलं. नाना पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीत. मुली उभ्या राहिल्या, शिल्पाने कीबोर्डवर हात ठेवला...

आणि लाइट गेली.

माइक बंद. कीबोर्ड मुका.

लोक चुळबुळायला लागले. तेवढ्यात नाना उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "त्यात काय! पियानो शे ना तठे. बस, शिल्पा."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

ती बसली. हात ताठ. नुसती टकटक. मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, आवाज येऊ द्या!" कोणी हसलं. मेणबत्तीच्या उजेडात मला नानांची मान दिसत होती. ती हळूहळू खाली चालली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं असणार.

तिने डोळे मिटले. ओठ हलले. ती काय म्हणाली, ते तिने मला नंतर सांगितलं.

"मॅडम... या ना."

मनगटाखाली गार तळहात आला.

तिने हात सोडले.

काय वाजला तो पियानो! शेवटच्या रांगेतली तान्ही पोरं रडायची थांबली. मुलींना सूर सापडला, वंदना छतापर्यंत गेली. शिल्पाचे खांदे बघाल तर झोपेतल्यासारखे सैल. टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम ठेवणारे सर पुढे आले. "वा, शिल्पाताई! शिकलात कोणाकडे? नाव सांगा त्यांचं."

तळहात अजून मनगटाखालीच होता. ती म्हणते, त्या क्षणी तो जरासा... थरथरला. नाव ऐकायला.

समोर बापाचा चेहरा. डोळ्यांत पाणी. मूर्तीपुढे सगळा समाज बसलेला. मेलेल्या बाईने शिकवलं, असं सांगणार कोणत्या तोंडाने?

"कोणाकडे नाही," शिल्पा म्हणाली. "स्वतःच शिकले."

नानांनी छाती पुढे काढून मागे पाहिलं.

तळहात हळूच निघून गेला. तिच्या मांडीवर... पाण्याचा एक थेंब पडला.

त्या रात्री ती जेवली नाही. नाना सगळ्यांना सांगत होते, पोर दमली. दुसऱ्या दिवशी ती हॉलवर गेली, मॅडमचं नाव घेतलं, रडली, हात जोडले. काही झालं नाही. संपलं, असं तिला वाटलं.

मागच्या महिन्यात नाना तिच्याकडे आले होते. चहा पीत खोलीतच बसलेले. शिल्पा रोशनी नावाच्या चिमुरडीला शिकवत होती. पोरीचा हात ताठ. शिल्पाने तिच्या मनगटाखाली आपला हात धरला.

"हात सोड, बाळा."

रोशनी खाली बघत राहिली.

"मॅडम, हा तुमचा हात ना?"

"हो."

"मग हा दुसरा... गार... हा कोणाचा?"

नानांनी कप खाली ठेवला. "काय म्हणते गं ती?"

शिल्पाने वडिलांकडे पाहिलं.

"कोणाचा नाही," ती म्हणाली. "तू वाजव."

रोशनीने वाजवलं. हात अगदी सुटलेला.

हे सगळं शिल्पाने मला त्याच रात्री हळू आवाजात फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "तुला भीती नाही वाटत?"

"भीती कसली? लाज वाटते, दादा. दोनदा नाही म्हटलं मी तिला. तरी ती येऊन माझ्याच पोरांना शिकवते. चिडली असती, मला काही केलं असतं, तर बरं झालं असतं."

पलीकडून नानांचा आवाज आला. कोणाला तरी सांगत होते, "सोताच शिकनी."

मी फोन ठेवला. नानांना मीही अजून सांगितलेलं नाही.