राजा कोपऱ्यात थांबेना

मी मुखेडला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. माझ्या मित्राचं, संगमेश्वरचं, चाकूरला औषधाचं दुकान आहे. दर रविवारी मी एसटीनं त्याच्याकडं जायचो आणि जेवण गार होईपर्यंत आम्ही बुद्धिबळ खेळत बसायचो.

लातूरच्या निवड स्पर्धेत शेवटचा डाव नेमका आम्हा दोघांत लागला. सकाळी चहाच्या टपरीवर त्यानंच हात पुढं केला.

"आनंदा, बरोबरी करू. दोघंबी राज्याला जाऊ."

मी हातात हात दिला. पण पटावर बरोबरी मागितली, तेव्हा त्यानं मान वर केली नाही. "खेळ," एवढंच म्हणाला.

त्याच्या भरवशावर मी ढिला खेळलो होतो, एक प्यादं गेलंच होतं. शेवटी दोन राजे, दोन वजीर आणि त्याचं ते जादा प्यादं उरलं. तरी डाव वाचत होता. आपला राजा प्याद्यापासून लांबच्या कोपऱ्यात न्यायचा आणि वजिरानं शह देत राहायचं. राजा मध्ये आला, की समोरचा आपला शह अडवता अडवताच उलटा शह देतो, वजिराला वजीर जातो, प्यादं मोकळं सुटतं. आम्ही दोघांनी हे मिळूनच घोकलं होतं.

त्यानं शह दिला. मी राजा उचलला, कोपऱ्यात ठेवला, बोटं काढली.

राजा कोपऱ्यात नव्हता. शेजारच्या घरात होता.

माझीच नजर चुकली असेल. पुढच्या शहाला मी घर नीट पाहून हात घातला. लाकूड कोमट लागलं, आत्ताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखं. बोटं काढली, तर राजा आणखी मध्ये.

मी पंचांकडं पाहिलं.

"सर, तुम्हीच ठेवला की," ते म्हणाले.

संगमेश्वर हसत नव्हता. तो पटाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी शह दिला. त्यानं वजीर मध्ये घातला. उलटा शह.

मी हरलो.

बाहेर पायऱ्यांवर त्यानं मला गाठलं.

"शब्द मोडला, व्हय. मला पहिला नंबर पाहिजे होता. पण राजाचं माझ्यावर ढकलू नको. तूच त्याला बोलवत होतास. 'ये, हिकडं ये.' हळूच."

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"उघडलं. पण आवाज माझा होता रे."

"पुन्हा तुझं तोंड बघायचं न्हाई मला," मी म्हणालो आणि स्टँड गाठला. मुखेडची गाडी, मुखेडचं तिकीट. सगळ्यात मागं, खिडकीशी बसलो.

वाटेत चाकूरहून गाडी सुटली, तेव्हा मी खाली उभा होतो.

उतरल्याचं आठवत नाही. पाय चालत होते. मी थांबायचं म्हणत होतो.

दार संगमेश्वरनंच उघडलं. मोटारसायकलवर तो आधीच पोचला होता. मला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी न्हाई बोलावलं तुला," तो कुजबुजला.

त्या घरात तो एकटाच राहतो.

आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "येऊ दे. दार लावून घे."