गच्चीवरचा पिवळा कुर्ता

"मिस, पण पहिली चुगली कुणी केली? तिचं नाव काय?"

मागच्या बाकावरच्या किशोरीने पैज लावली होती, म्हणून मेहेक उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

ही मेहेक म्हणजे माझी अम्मी. तेव्हा ती माझ्याएवढीच होती, दहावीत. गोष्टी रंगवून सांगायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे, पण ही मी जरासुद्धा रंगवलेली नाही. जशी घडली तशी सांगते.

जानेवारी १९९१. सौदी अरेबियातलं अल-खोबर.

आखाती युद्ध तोंडावर आलेलं. शाळा बंद होण्याआधीचा शेवटचा तास. इतिहासाच्या शालन मिस पुस्तकात नसलेलं काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या. स्पेनमधलं कॅस्टिलचं जुनं ख्रिस्ती राज्य. तिथे शेकडो वर्षं ज्यू राहायचे. वैद्य, विणकर, सोनार. मग दंगली झाल्या आणि हजारोंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं. त्यातले काही घरात गुपचूप जुना धर्म पाळायचे. शुक्रवारच्या मावळतीपासून शनिवारभर चूल पेटवायची नाही, हा त्यांचा नेम. शेजारी उंचावर उभे राहून बघायचे, कुणाच्या धुराड्यातून धूर येत नाही. मग नुसतं बोट दाखवायचे.

माणसाला जिवंत जाळायला तेवढं पुरायचं.

"माझ्या आजोळी, अलिबागकडे, शनवार तेली होते," मिस म्हणाल्या. "तेही ज्यूच. शनिवारी घाणा बंद. सगळ्या गावाला माहीत, कुणाला त्याचं काही नाही."

मेहेकच्या प्रश्नावर त्या हसल्या नाहीत.

"नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण जी सगळ्यात जवळ राहते, तिलाच कळतं ना?"

मेहेक खाली बसली. कारण घरी फरहाना होती.

फरहाना तिची चुलत बहीण, तिच्यापेक्षा वीतभर उंच. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा ओळखीच्या लोकांबरोबर तिथून ट्रकने आली. तिच्या आईवडिलांचा अजून पत्ता नव्हता. तिच्याकडे इथला इकामा, म्हणजे राहायचा परवाना नाही, म्हणून ती घरात आहे हे बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. सापडली असती तर तिला कुठे पाठवलं असतं, अल्ला जाणे. इमारतीचा रखवालदार इसहाक गच्चीवरच्या खोलीत राहायचा आणि घरमालकाच्या कानावर सगळं घालायचा. त्यामुळे फरहानाचे कपडे गच्चीवर कधीच जायचे नाहीत. न्हाणीघरात वाळायचे.

आणि मेहेक जळायची.

पलंग फरहानाला, मेहेक खाली गादीवर. गणितं फरहानाची बरोबर. सांदणं फरहानाची मऊ. गुरुवारी तर नसरुद्दीन नाना, म्हणजे मेहेकचे अब्बा, तिला "माझी मोठी लेक" म्हणाले. एकुलत्या एक मेहेकसमोर.

शुक्रवारी सकाळी मेहेकने फरहानाचा पिवळा कुर्ता धुतला आणि गच्चीवर वाळत घातला. दोरीच्या अगदी मधोमध.

कुणाला काही सांगितलं नाही. फक्त कुर्ता वाळत घातला.

संध्याकाळची मगरीबची नमाज झाली तरी इसहाक दारात आला नाही. मेहेक बघायला वर गेली.

इसहाकच्या खोलीला कुलूप. दोरीवर नानांची लुंगी होती, खुर्शीद नानीची ओढणी होती…

पिवळा कुर्ता नव्हता.

शुक्रवारी आसपासच्या सगळ्या स्वयंपाकघरांतून तळलेल्या माशांचा वास यायचा. आज काहीच नाही. खाली रस्त्यावर एक गाडी नाही.

मग वास आला… लाकडाच्या धुराचा.

खोबरमध्ये लाकडं कोण जाळणार?

कठड्यापाशी एक मुलगी पाठमोरी उभी होती. मेहेकच्याच उंचीची. तिचा उजवा हात समोर ताठ, बोट रोखलेलं. त्या हातावर पिवळा कुर्ता लटकत होता. त्यातून पाणी गळत होतं… टप… टप…

डाव्या हाताने ती उजवा हात खाली ओढत होती. पुन्हा पुन्हा.

हात खाली येत नव्हता.

"कोण आहेस गं?"

"मी कुणाला काही सांगितलं नाही," मुलगी म्हणाली. "फक्त बोट दाखवलं."

आवाज मेहेकचा होता.

तो हात हळूहळू वळू लागला… पाण्याच्या टाकीवरून… जिन्यावरून… आणि मेहेकवर येऊन थांबला.

तेवढ्यात सायरन वाजला. मेहेकने कुर्ता खेचला आणि जिना उतरत सुटली.

खाली फरहाना दार धरून उभी होती. नानी मागून ओरडत होती, "लाव गं ते दार."

"ती आल्याशिवाय नाही लावणार, चाची."

सायरन थांबल्यावर मेहेकने हातातला कुर्ता पाहिला. कोरडा खडखडीत. वास मात्र धुराचाच.

दारावर थाप पडली. फरहाना आतल्या खोलीत पळाली, नानांनी दार उघडलं. इसहाक.

"नसरुद्दीनभाई, सुबह डोरी पे पीला कुर्ता था. किसका है?"

नाना दार अडवून उभे राहिले.

आणि मेहेकचा उजवा हात… आपोआप वर येऊ लागला. आतल्या खोलीच्या दिशेने.

तिने तो डाव्या हाताने गच्च धरला.

"मेरा है, इसहाकभाई."

हात खाली पडला.

"तेरा? इतना लंबा?"

"बढ़ रही हूँ ना."

इसहाक हसत गेला.

अम्मी आजही कुणाकडे बोट दाखवत नाही. रस्ता विचारला तर हनुवटीने दाखवते. शुक्रवारी संध्याकाळी उजवा हात मांडीखाली दाबून बसते. का, ते विचारलं की विषय बदलते. आणि हल्ली मला… जाऊ दे.

नाना दार लावून वळले, तेव्हा मेहेक तो पिवळा कुर्ता अंगात घालत होती. पार पोटरीपर्यंत येत होता.

"अब्बा, अम्मी, माझं ठरलंय. आजपासून फरहानाचे कपडे मी घालणार, माझे ती. आणि सगळे गच्चीवर वाळणार. कुणी विचारलं तर ते सगळे माझेच."