पाचवी दोरी

रात्रीचे बरोबर आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि महिन्याचा शेवटचा गुरुवार होता. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण जिच्या बाबतीत हे घडलं तिने दवाखान्याचं रजिस्टर मिटताना खाली वेळ टाकून सही केली होती. ती सही कंपाउंडर काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

काकांनी चाळीस वर्षं त्या दवाखान्यात औषधं बांधली. आता घरीच असतात. जेवणं उरकली की जिन्याच्या पायरीवर येऊन बसतात आणि बिल्डिंगमधली पोरं, सुना, कडेवरची लेकरं त्यांच्याभोवती जमतात. "कुणाला मोरीकडे जायचं असेल तर आत्ताच जाऊन या," त्यांनी सुरुवात केली. "नंतर एकट्याने जायची हिंमत व्हायची नाही. आणि हे ऐकीव नाही बरं का. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईचं आहे."

ती बाई म्हणजे चिठ्ठीवाली. आलेल्या पेशंटचं नाव, वय, तक्रार चिठ्ठीवर लिहून आत पाठवायचं, हे तिचं काम. घरी नवरा, दीड वर्षाचं बाळ आणि अंगावरून वारं गेलेली आई. आईचा उजवा हात तीन वर्षं उशीवरून हलला नव्हता, पण तोंड शाबूत होतं. ते नसतं तर बरं, असं चिठ्ठीवालीला कधीकधी वाटायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

कारण रोज रात्री दिवे मालवले की आई सुरू करायची. "धाकटी आली का गं?"

"कोण धाकटी?"

"दार उघडं ठेव. ती यायचीय."

ही कडी लावायची, आई ओरडायची. बाळ दचकून उठायचं, नवरा कूस बदलायचा. रात्रभर हेच. आईला एक भाऊ, बहीण नाहीच, असं ती जन्मापासून ऐकत आलेली. त्या भावाशीही पंचेचाळीस वर्षं बोलणं नाही. का नाही, ते विचारलं की आई भिंतीकडे तोंड करायची. वेड्यासारखं दार उघडं टाकून झोपायचं तरी कसं? घरात रांगतं पोर!

आणि त्या गुरुवारच्या आदल्या आठवड्यात एक स्कूलबसचा ड्रायव्हर तापाने फणफणून दवाखान्यात आला. आडनाव ऐकून हिचं पेन थबकलं. आईच्या माहेरचं आडनाव.

"आजोबा काय करायचे तुमचे?"

"शिंपी होते. पण टेप नाही, दोऱ्यांनी मापं घ्यायचे."

दोऱ्या म्हटल्यावर संपलंच. शिंपी जगात हजारो, पण आईने एवढं एकच सांगितलेलं, तिच्या बापाला आकडा म्हणून ओळखता येत नव्हता. खांद्यापासून टाचेपर्यंत दोरी धरायची, हात, छाती, कंबर जिथे येईल तिथे गाठ मारायची. पोर वाढलं की दोरीला तुकडा जोडायचा. असा शिंपी एकच, तो आईचा बाप. चिठ्ठीवालीच्या डोळ्यांना धार लागली. ड्रायव्हर चिठ्ठी वाचून म्हणाला, "ताई, तक्रारीच्या रकान्यात ताप लिहा ना. मामेभाऊ काय लिहिलंय!"

सख्खा मामेभाऊ. पण भाऊ मिळाला म्हणून घराण्याची गोष्ट मिळाली, असं नाही. मामा जाऊन सहा वर्षं झालेली. मामी म्हणे, मला काय ठाऊक. भाऊ म्हणे, मी आत्याचं नावसुद्धा दोनदाच ऐकलं. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि पाणी कुठेच नाही.

त्या गुरुवारी त्याचा फोन आला. आजोबांचं दुकान भाड्याने दिलंय, उद्या सकाळी नऊला किल्ली द्यायची, आत काही कामाचं असलं तर आज रात्रीच बघून घे. म्हणून आठ चाळीसला तिने सही ठोकली आणि बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या बसमध्ये जाऊन बसली.

दुकान म्हणजे एकच लांबट खोली. पुढे कापायचं टेबल, मागच्या कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा लावलेली जागा. एक बल्ब पेटला, दुसरा पेटेना.

"कागद कुठायत?" तिने विचारलं.

"कसले कागद? आजोबांना लिहिताच येत नव्हतं."

"मग मला बोलावलंस कशाला?"

"तूच तर मागे लागली होतीस, बघू दे, बघू दे!"

"मला वाटलं एखादा फोटो, एखादं पत्र..."

"हे घे. बटणं. पाच डबे बटणं. विचार त्यांना."

तासभर दोघं धूळ खात एकमेकांवर करवादत होती. शेवटी दाराच्या पाठीमागच्या खिळ्याला घरच्यांच्या दोऱ्या सापडल्या. चार लांब दोऱ्या, प्रत्येकीला ज्याच्या त्याच्या कपड्याची चिंधी बांधलेली. आजोबांची, आजीची आणि मामाची दोरी सरळ होती, एकही गाठ नाही.

"माणूस गेलं की गाठी सोडायच्या," भाऊ म्हणाला. "नाही सोडल्या तर ते माप द्यायला येत राहतं, असं आजोबा म्हणायचे म्हणे. बाबांच्या मीच सोडल्या. नखं दुखली माझी."

चौथी तिच्या आईची, गाठींसकट. तिने ती गालाला लावली. आणि तिच्याखाली पाचवी होती, घडी घालून फडक्यात बांधलेली. चिंधी एवढीशी, पिवळी, फुलाफुलांची.

"ही कुणाची?"

"माझी नाही. मी जन्मायच्या कितीतरी आधी आजोबा गेले."

त्याने मामीला फोन लावला. आत रेंज नव्हती, म्हणून उंबऱ्यावर उभं राहून स्पीकर लावला.

"मला काय ठाऊक," मामी म्हणाली.

"आई, चिंधी फ्रॉकची आहे. पिवळी."

चिठ्ठीवालीने फोन आपल्याकडे ओढला.

"मामी," चिठ्ठीवाली ओरडली, "माझी आई रोज रात्री दार उघडं ठेवायला लावते! बाळ झोपत नाही, मी झोपत नाही. तुम्ही सगळ्यांनी तोंडं शिवून घेतलीत. मी काय भिंतीला विचारू?"

मग मामी बोलली. तिलाही सगळं सासूकडून कळलेलं. सर्वांत धाकटी मुलगी, चार वर्षांची. बाजारात हरवली. तिचा हात नऊ वर्षांच्या बहिणीच्या हातात होता. बहिणीने हात सोडला, दुकानाच्या काचेतलं बघायला म्हणून, क्षणभर. ती बहीण म्हणजे चिठ्ठीवालीची आई. पुढे तिच्या लग्नात कशावरून तरी भांडण झालं आणि मामा भर मांडवात बोलून गेला, तूच घालवलीस तिला. तेव्हापासून ती माहेरी आली नाही.

"आणि दोरी?"

"गाठी कशा सोडणार? मेली की जगली, कुणाला माहीत? सासरे दरवर्षी तुकडा जोडायचे. आता एवढी झाली असेल म्हणायचे. तीन वर्षं जोडले, मग तेच गेले. पुढे कुणी हात लावला नाही. दोरी सात वर्षांच्या पोरीएवढी असेल बघ. ठेवा ती जागच्या जागी."

फोन कटला. भाऊ पुन्हा लावत लावत बसपाशी गेला.

"इथपर्यंत ठीक आहे," काका म्हणाले. कडेवरची पोरं झोपली होती. आया जाग्याच होत्या.

चिठ्ठीवालीने दोरी उलगडली. सुरुवातीचा भाग तपकिरी पडलेला. पुढे तीन जोड, आजोबांचे. पण दोरी तिथे संपत नव्हती. पुढे चौथा जोड होता. पाचवा. सहावा... प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा थोडा पांढरा. तिने एक टोक खांद्याला धरलं. दुसरं टाचेला टेकलं. तिच्याच टाचेला.

सात वर्षांची पोर नव्हती ती. बाई होती.

आणि अगदी शेवटी, जिथे दोरी पांढरीशुभ्र होती, तिथे टोक मुडपून गाठ थोडी मागे घेतली होती. मग आणखी थोडी मागे. दवाखान्यात रोज म्हातारी माणसं बघणाऱ्या बाईला हे सांगायला लागत नाही. म्हातारपणी माणूस आखूड होतं.

बंद दुकान. दारामागचा खिळा.

तिने मान वर केली.

पडदा.

पडद्याच्या खाली, जमिनीवर, दोन टाचा दिसत होत्या. भेगा पडलेल्या, धुळीने भरलेल्या. टाचा... म्हणजे पाठ इकडे. पडद्याच्या दोन्ही बाजू किंचित फुगल्या होत्या, कोपराच्या उंचीला. माप देताना माणूस हात जसे जरासे बाजूला धरतं, तसे.

कुणीतरी उभं होतं. वाट बघत.

तिला ओरडता येईना. पळताही येईना. आणि मग काय झालं कोण जाणे, तीन वर्षांची झोप, तीन वर्षांचा राग, सगळं एकदम तोंडाशी आलं.

"इथे काय उभी राहिलीस?" ती म्हणाली. आवाज फाटला. "इतकी वर्षं इथे उभी? आणि तिकडे ती रोज रात्री दार उघडं ठेवायला लावते! मी काय करू? तिला काय सांगू? यायचं असेल तर ये ना एकदाची!"

...

पडदा सपाट झाला.

खाली फक्त फरशी.

"कुणाशी बोलतेस?" भाऊ दारात उभा होता.

तिने दोरी होती तशी फडक्यात बांधली, खांद्याच्या पिशवीत टाकली. त्याने दुकानाला कुलूप लावलं.

बसमध्ये पुढच्या सीटवर बसल्यावर तिला आपण काय बोलून बसलो ते उमगलं. घरी बोलावलं. कुणाला? आहे की नाही, तेही माहीत नाही अशीला. जिथे बाळ झोपलंय त्या घरी.  तिने भावाकडे बघितलं. त्याने डोक्यावरचा मोठा आरसा, ज्यात मागची सगळी बाकं दिसतात, एकदा बघितला. मग वाकवून छताकडे वळवला. पुन्हा काही वर बघितलं नाही.

तिच्या गल्लीशी बस थांबली. ती पुढच्या दाराने उतरली. भावाने मागचं दार उघडलं आणि थांबला. लहान मुलाला तीन पायऱ्या उतरायला लागतो, तेवढा वेळ. मग दार लावलं.

"मागचं का उघडलंस?"

"सवय, ताई..." तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "सवय नाही. मला माहीत नाही."

घरी पोचली तेव्हा अकरा पंचवीस. नवरा घोरत होता. बाळ पाळण्यात, आई कॉटवर डोळे टक्क उघडे ठेवून.

"धाकटी आली का गं?"

चिठ्ठीवालीचा हात कडीवर होता. लावली तर आई रात्रभर... नाही लावली तर... तिने बाळ उचललं, छातीशी घट्ट धरलं. पाठ कपाटाला टेकून जमिनीवर बसली. आणि दार उघडं ठेवलं. एक वीतभर.

बारा वाजले. एक वाजला.

कुत्रं भुंकलं नाही. पाऊल वाजलं नाही.

अडीचच्या सुमारास आईचा श्वास एकदम हलका झाला.

"आता दार लाव," आई म्हणाली. आणि झोपली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

चिठ्ठीवालीने कडी लावली. 

सकाळी तिने आईला कुशीवर वळवलं, अंग पुसायला. आदल्या दिवशी तिने स्वतः आईचे पातळ पांढरे केस विंचरून अंबाडा घातला होता. अंबाडा नव्हता. दोन वेण्या होत्या. एक कानाच्या वर, एक खाली. एक जाड, एक बारीक, भांग नागमोडी. लहान मुलगी मोठ्या बहिणीच्या घालते तशा. टोकाला काहीच बांधलेलं नव्हतं, पण सुटतही नव्हत्या.

तिने नवऱ्याला हलवून उठवलं. तो म्हणाला, "मला वेणी घालता येत असती तर तू मला एवढं बोलली असतीस का?"

जिन्यावर कुणीच हसलं नाही. एका सुनेने विचारलं, "मग आईने काय सांगितलं?"

"काही नाही," काका म्हणाले. "तेच तर. पुन्हा ना विचारलं, ना सांगितलं. चिठ्ठीवाली अजून चरफडते. मावशी मेली की आहे, कुठे वाढली, तिला कुणी सांभाळलं, काही म्हणता काही कळलेलं नाही. गाठी सोडाव्यात, तर ती जिवंत असली तर? ठेवाव्यात, तर..."

काकांनी जिन्यावरच्या एकेकीकडे बघितलं.

"म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या ओळखीत, सासरी, माहेरी, कामाच्या ठिकाणी, कुठे त्रेसष्ट-चौसष्टची म्हातारी असेल, जिला लहानपणी बाजारात सापडलेली म्हणतात, तर तिला विचारा. मामीने मागाहून सांगितलं, हरवली तेव्हा फ्रॉक पिवळा होता, फुलाफुलांचा, पण डाव्या बाहीला कापड कमी पडलं म्हणून ती बाही निळी. शिंप्याची पोर, उरलेल्या कापडातली. तिला सांगा, बहीण अजून आहे. आणि तुम्हाला नाही सापडली तर पुढच्याला सांगा. फक्त सांगा."