पुढे गेलेली बॅग

श्रीरंगच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मामा गप्पच बसतो हे ठाऊक असल्यामुळे माझ्या या भाच्याने मुद्दाम पत्र लिहिलं होतं. तो मुंबईहून सुटणाऱ्या एका प्रवासी जहाजावर नोकरीला आहे, आणि यंदा त्याला आईला समुद्रावर फिरवून आणायचं होतं. 'आई एकटी नको, तुम्हीही या,' असं म्हणून सोबत काय आणायचं तेही त्याने लिहिलं होतं. घसरू नये म्हणून रबरी तळाच्या चपला. डेकवर वारा असतो, म्हणून शाल. शेवटच्या रात्रीच्या जेवणाला काहीतरी भारीतलं. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग बंदरावरच काढून घेतात. ती तुमच्या आधी खोलीत पोचते.

मला पाण्याची भीती वाटते. जन्म जबलपुरात गेला, पण नर्मदेवरच्या भेडाघाटला मी कधी नावेत बसलो नाही. हे भाच्याला लिहायची लाज वाटली आणि पत्र एका पुस्तकात खूण म्हणून राहून गेलं.

श्रीरंगची आई, माझी बहीण इंदिरा, आमच्या चेरीताल भागातच, माझ्या मागच्या गल्लीत राहते. निघायच्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणून तिने आधीच माझ्याकडे प्रस्थान ठेवलं. आमच्या घराण्यात ही रीत अजून आहे. चांगली वेळ पाहून थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, की प्रवास सुरू झाला असं धरतात. एक वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी, एवढं पुरतं. इंदिराने सगळी बॅगच आणली.

"सगळी काहून आणली?" मी विचारलं.

"जहाजवाले बी बॅग आधीच नेतात ना? मग इथूनच जाऊ दे." ती हसली. "तू बस पुस्तकातले जहाज पाहत. आला असता त कोट घालून जेवायला बसवलं असतं तुला."

"मन बदललं तर परत नेता येते का?"

"छे! निघालं ते निघालं. परत आणत नाही कोणी."

मे महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगेखालची फरशी ओली दिसली. कूलरचं पाणी असेल म्हणून मी बॅग पुस्तकांच्या कपाटाजवळ, कोरड्या कोपऱ्यात सरकवली. तिथेही फरशी ओली झाली.

बहिणीची बॅग उघडावी की नाही, यात माझी दुपार गेली. शेवटी उघडली. बॅग आणली तेव्हा इंदिराने ती माझ्यासमोर उघडून शाल तळाशी ठेवली होती, ती शाल आता वर होती. तिच्या काठावर पांढरट पापुद्रा धरला होता. बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. रबरी चपला नव्या होत्या, पण त्यांच्या टाचा एका बाजूने झिजल्या होत्या. गुडघ्यामुळे इंदिरा तशीच पाय टाकते.

मी तिच्याकडे गेलो. ती भिंतीला धरून चालत होती.

"घर डोलून राहिलं रे भाऊ," ती म्हणाली. "अन् सगळ्यात मीठ जास्त लागते. पाणी बी खारट."

ओमती भागातल्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. उन्हाळा बाधला, म्हणाले.

मग मी रोज बॅग उघडू लागलो. रोज आणखी एका साडीची घडी मोडलेली असायची, कोणीतरी दिवसभर नेसून पुन्हा ठेवल्यासारखी. निऱ्यांच्या चुण्या तशाच. त्या साड्यांना इंदिराच्या केसांच्या तेलाचा वास होता, आणि त्याखाली दुसरा एक वास, जो मला ओळखता येत नव्हता. इकडे इंदिरा अंथरुणाला लागली. फक्त शेवटच्या जेवणासाठी घेतलेली करवती काठाची टसर साडी अजून घडीत होती.

"तू जाऊ नको," मी तिला म्हणालो.

"प्रस्थान ठेवलं न मी." तिचे डोळे मिटलेलेच होते. "तुला त भ्यायला कारण बी लागत नाही."

घरी येऊन बॅग उघडली. भरदुपार होती. टसरची एक घडी सुटली होती आणि पदराचं टोक ओलं होतं. मी पाहत असतानाच ओल वर चढत होती. एकेक धागा काळा पडत होता.

मी तिच्या सगळ्या वस्तू बाहेर काढल्या.

बॅग रिकामी झाली. निघालेलं परत येत नाही. मग तिच्या जागी कोणी जायचं?

माझी दोन धोतरं ठेवली. मफलर. चपला. निवृत्तीच्या समारंभात घातलेला कोट सर्वांत तळाशी ठेवला आणि बॅग बंद केली.

संध्याकाळी इंदिरा स्वतःच्या पायांनी माझ्या दारात आली.

"भूक लागली रे. काय केलं?"

मी पोळी आणि वांग्याची भाजी वाढली. ती जेवली. "मीठच नाही भाजीत," म्हणाली. "तुझ्या हातचं जेवण म्हणजे अच्छी सजा आहे!"

मी भाजीत मीठ घातलं होतं. मला तर ती खारट लागत होती.

सकाळी बॅग उघडली. कोट वर होता. एक बाही कोपरापर्यंत ओली.

मी पुस्तकातून पत्र काढलं आणि उत्तर लिहायला बसलो. 'इंदिराची तब्येत बरी नाही. ती येणार नाही, मी येतो. कोट घेतला आहे.' माझी चूक होत असेल. नेहमीच होत असते. पण मागच्या गल्लीतून तिच्या भांड्यांचा आवाज येत होता.

ओमतीला जाऊन पत्र डाकेच्या पेटीत टाकलं. ऊन इतकं होतं की पेटीचा पत्रा चटका देत होता. हात बाहेर काढला, तर बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी.