शंभराव्या अल्बमचे गुण

खोलीत काय काय होतं, ते आधी सांगायला हवं. पुढे जे घडलं, त्यात मोजदादीलाच महत्त्व आहे.

खुर्च्या दोन, पाठीला पाठ लावलेल्या. दोन्हींपुढे एकेक स्टूल. लॅपटॉप एक. वायरचे इयरफोन, एक जोडी. फळ्यांवर जुन्या कॅसेटी, तीनशे बारा. झाकणाला चीर पाडलेले डबे दोन; एक स्टीलचा, एक पत्र्याचा. वाट्या दोन. एकीत चिंचोके त्र्याहत्तर, दुसरीत अडुसष्ट.

माणूस... एक.

ही घटना रात्रीची नाही. अमावास्येची नाही. १५ मे २०२४, बुधवार, दुपारचे दोन. ठिकाण पाथरी, मन्मथअप्पांच्या दुकानावरची पत्र्याची खोली. ज्यांच्या घरात हे घडलं त्या माणसांपैकी दोघं आजही तिथेच राहतात. त्यांतलं कुणीही भुताखेतांच्या गोष्टी सांगणारं नाही.

अप्पांची मुलगी धनश्री तर नाहीच. ती भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली. काहीही झालं तरी आधी मोजणारी आणि मग घाबरणारी मुलगी.

मन्मथअप्पांचं खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पूर्वी तिथे ते कॅसेट भरून द्यायचे. गिऱ्हाइकाने यादी आणायची, अप्पांनी साठ मिनिटांची कॅसेट भरायची. शेवटी चार-पाच मिनिटं उरली की कोणतं गाणं घालायचं, यावरून घरातली दोन पोरं भांडायची. मग अप्पांनी तोड काढली. गाण्याला दहापैकी गुण द्या. तोंडाने नाही, चिंचोक्यांनी. डब्यात टाका. एकमेकांकडे बघायचं नाही.

कॅसेटी गेल्या. चिंचोके राहिले.

धनश्री आणि तिचा मोठा भाऊ शिवप्रकाश, दोघं मोठेपणीही तेच करत राहिले. फक्त गाण्यांऐवजी साउंडट्रॅक. सिनेमांचे, मालिकांचे, गेमचे. सिनेमा बघायचा नाही, गेम खेळायचा नाही. नुसतं संगीत ऐकायचं. चित्र काढून घेतल्यावर ते आपल्या पायावर उभं राहतं का, एवढाच प्रश्न.

इयरफोनचा उजवा तुकडा तिचा, डावा त्याचा. प्रत्येक ट्रॅकनंतर गुण द्यायला एक मिनिट. तिचा डबा स्टीलचा, तो वाजायचा टण्ण. त्याचा दूधपावडरचा जुना पत्र्याचा, तो वाजायचा टक्. झाकणांवर कागदी पट्टी आणि दोघांच्या सह्या. अल्बम संपल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मागे वळून पाहिलं तर अल्बम बाद.

शेवटी दोघांच्या गुणांची सरासरी वहीत जायची आणि वहीतून ब्लॉगवर. वाचक सत्तेचाळीस.

"त्यातले पाच तर आपले मावसभाऊच हायत," शिवप्रकाश म्हणायचा.

असे नव्व्याण्णव अल्बम झाले होते.

शिवप्रकाशच्या किडन्या गेलेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी एसटीने परभणीला जायचं, डायलिसिस करून संध्याकाळी परत यायचं. मधल्या दिवसांत दुपारी दुकान बंद असलं की दोघं वर बसायची.

शंभरावा अल्बम होता एका छोट्या गेमचा. बर्फातल्या ओस पडलेल्या गावात एक पोस्टमन पत्रं वाटत फिरतो, असा काहीतरी तो गेम. ट्रॅक अकरा. म्हणून दोघांच्या वाट्यांत प्रत्येकी एकशे दहा चिंचोके मोजून घेतले होते. मंगळवार होता, सहा फेब्रुवारी. सहा ट्रॅक झाले आणि शिवप्रकाशने कानातून तुकडा काढला.

"पाचच राहिलेत दादा. उरकून टाकू."

"न्हाई बाई. आज कान थकलेत. उद्या ऐकू. आन् डब्याला हात लावायचा न्हाई, सही हाय माझी."

"मी कशाला लावू? तुझे गुण मला पाठ आहेत. सहा, सात, सहा, सात. दहा तर जन्मात दिले नाहीस. सरासरी काढून तुझे राहिलेले पण मीच लावते."

"लय शहाणी! तुझी सरासरी ठेव तुझ्या लॅबोरेटरीत. मला इचारल्याबिगर माझे गुण लावायचे न्हाईत."

"आणि दहा? दहा का देत नाहीस?"

तो जिना उतरता उतरता थांबला. हसला.

"दहा दिले की मंग पुढं ऐकायचं कशाला?"

बुधवारी पहाटे तो गेला.

त्यानंतर अठ्ठ्याण्णव दिवस त्या खोलीत कुणी बसलं नाही. महादेवी, म्हणजे धनश्रीची आई, झाडायला जायची. डब्यांभोवतीची धूळ पुसायची. डबे हलवायची नाही.

मे महिन्यात धनश्रीला हैदराबादला नोकरी लागली. गुरुवारी सकाळी निघायचं होतं. शंभरावा अल्बम अर्धा टाकून गेली असती, तर तो कायमचा अर्धाच राहिला असता. हे तिला ठाऊक होतं. पुरा केला असता, तर दादाचा डबा उघडावा लागला असता. तेही ठाऊक होतं. उघडल्यावर त्यात नवीन काही पडणार नव्हतं.

बुधवारी दुपारी ती वर गेली.

वाट्या मोजल्या. दोनदा मोजल्या. दादाच्या वाटीत अडुसष्ट. म्हणजे सहा ट्रॅकना त्याने बेचाळीस दिले होते. ट्रॅकमागे सात. अकरा ट्रॅकचे झाले सत्त्याहत्तर.

तिने वही उघडली. शंभर नंबरच्या ओळीत, शिवप्रकाशच्या रकान्यात, पेन्सिलीने लिहिलं... ७७.

न विचारता.

मग आपल्या खुर्चीत बसली. उजवा तुकडा कानात घातला. डावा, वायर खांद्यावरून मागे टाकून, त्याच्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवला.

तेवढ्यात वीज गेली. पंखा घरघरत थांबला. लॅपटॉप बॅटरीवर होता.

सातवा ट्रॅक. व्हायोलिनच व्हायोलिन. ऐकणाऱ्याला हाताला धरून रडायला बसवणारं संगीत. असल्यावर दादा चिडायचा. "मयताला भाड्यानं माणसं आणल्यासारखं वाजवायलेत," म्हणायचा. तिने सहा दिले. टण्ण, टण्ण... सहा वेळा.

मग एक मिनिट शांत.

आणि मागून...

टक्.

धनश्री जागच्या जागी थिजली.

टक्. टक्.

थोडा वेळ काहीच नाही. मग आणखी एक.

टक्.

चार.

तिने वहीच्या मागच्या पानावर कारणं लिहिली. एक, पत्रे उन्हाने तापून वाजतात. दोन, उंदीर. तीन, मीच टाकते आहे आणि मला कळत नाही. तिसरं कारण तिने पुन्हा एकदा वाचलं, पण खोडलं नाही.

मागे वळून पाहिलं असतं तर एका क्षणात कळलं असतं.

पण अल्बम बाद झाला असता.

ती वळली नाही.

आठवा ट्रॅक. एकटी बासरी आणि पावलांखाली मोडणारा बर्फ. चांगला होता. तिने सात दिले. मागून... सात.

नववा. मधला भरणा, गेममध्ये रस्ता लांब आहे म्हणून ताणलेला. तिने पाच दिले. मागूनही पाच. पाचवा जरा उशिरा पडला. पाचवा द्यावा की न द्यावा, असं झालं की दादा तो चिंचोका बोटात फिरवत बसायचा.

खालून जिन्याच्या पायरीवर आवाज झाला.

"धने..."

आई होती. अर्ध्या जिन्यात उभी. तिचा आवाज पार बदललेला.

"काय गं आई?"

"त्याच्या डब्यात टाकू नको बाई."

धनश्रीने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"खाली सैपाकघरात ऐकू यायलंय," महादेवी म्हणाली. "तुझा टणटण वाजतो. त्याचा दबका. एवढी वर्षं ऐकलंय मी, मला काय वळखू येत न्हाई? त्याचं माप तू भरू नको. त्याला आवडणार न्हाई."

"आई... तू वर ये ना. जरा बघ इकडे."



मग आई म्हणाली, "तू टाकत नव्हतीस?"

"नाही."

महादेवी वर आली नाही. खालीही गेली नाही. तिथेच पायरीवर बसली. तिच्या बांगड्या भिंतीला टेकल्याचा आवाज आला. मग हळूच, कुणाला तरी जपून बोलावं तसं ती म्हणाली,

"मंग ऐकू दे त्याला. राहिलंय त्याचं."

दहावा ट्रॅक. घंटा, आणि लांबून माणसांचा कोरस. नीट बांधलेला, पण शेवट कसा करावा हे संगीतकाराला सुचलं नव्हतं. तिने सहा दिले. मागून सहा. आता जिन्यातली आईसुद्धा ओठांतल्या ओठांत मोजत होती.

अकरावा.

पहिल्या ट्रॅकची धून परत आली. सगळी वाद्यं होती. मग एकेक कमी व्हायला लागलं. आधी व्हायोलिन गेली. मग बासरी. मग घंटा. रडा असं कुणी सांगत नव्हतं. पत्रं वाटून झाली, आता घरी जायचं, एवढंच. खाली फक्त पियानोचा एक सूर राहिला. तोही थांबत थांबत वाजत होता.

तेव्हा धनश्रीच्या खांद्यावरची वायर हलली.

एखादा ट्रॅक फार आवडला की शिवप्रकाश पुढे वाकायचा. गुडघ्यांवर कोपरं, डोकं खाली. वायर ताणली जायची आणि हिच्या कानातला तुकडा निसटायचा. यावरून शंभर वेळा भांडणं झाली होती. "नीट बस ना रे, माझा कान ओढतोयस!"

वायर सैल होती ती सरळ झाली.

मग ताठ.

मग हळूच... तिच्या कानातला तुकडा निघाला आणि खांद्यावरून मागे घसरला.

या वेळी ती काही बोलली नाही. तोंडावर हात दाबून बसून राहिली. शेवटचा सूर तिला ऐकूच आला नाही. तो ज्याला ऐकायचा होता त्याने ऐकला असेल.

लॅपटॉपच्या पडद्यावर ट्रॅक संपला. तिने आठ दिले. चिंचोके ओले झाले होते, बोटांना चिकटत होते.

मग शांतता.

एक मिनिट झालं. पंखा बंद. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

दीड मिनिट.

"दादा," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "मी सत्त्याहत्तर लिहिलंय. खोडते. तू सांग."

तिने खोडरबर घेतलं आणि खरंच खोडलं. कागद फाटेपर्यंत.

टक्.

टक्. टक्. टक्.

सावकाश. एकेक. घाई नाही. पाच... सहा... सात... आठ...

नऊ.

तिथे थांबलं. तो नेहमी तिथेच थांबायचा. त्याच्यापुढे कधी गेलाच नव्हता. जिन्यात महादेवीने श्वास सोडला.

धनश्रीला मात्र एकदम कळलं, की वायर अजून सैल झालेली नाही.

"नको ना दादा," ती म्हणाली. "नऊ पुष्कळ झाले."

खूप वेळ गेला.

टक्.

वायर सैल पडली.

त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. इयरफोनचे दोन्ही तुकडे फरशीवर पडले होते. डब्यावरची पट्टी जशीच्या तशी, सही जुळलेली.

अप्पांना दुकानातून वर बोलावलं. तिघं खाली फरशीवर बसली. अप्पांनी काय झालं विचारलं नाही. बायकोचा चेहरा बघितला आणि पट्टी कापायला खिशातून दुरुस्तीचं छोटं पातं काढलं. आधी कापेनात. "सही मोडते की," म्हणाले.

"मोडू द्या," महादेवी म्हणाली. "झालंय त्याचं."

अप्पांनी एकेक चिंचोका उचलून मोजला, जसे पूर्वी दुकानात पोरांचे मोजायचे. दहा-दहाचे ढीग लावले. मग धनश्रीने मोजले. मग पुन्हा अप्पांनी. सहा फेब्रुवारीला त्यात बेचाळीस होते.

दुसऱ्या दिवशी धनश्री हैदराबादला गेली. वर्ष होऊन गेलं. ती गाणी ऐकते, पण एका कानाने. डावा तुकडा मोकळा सोडते आणि ट्रॅक संपला की मिनिटभर थांबते. अजून काही ऐकू आलेलं नाही. मागच्या पानावरची तीन कारणं तशीच आहेत, चौथं तिने लिहिलेलं नाही. वही पाथरीलाच आहे. तिच्यातली शेवटची नोंद अशी आहे :

अल्बम क्रमांक १००. ट्रॅक ११. कमाल गुण ११०.
धनश्री : डब्यात ६९, वाटीत ४१.
शिवप्रकाश : डब्यात ७४, वाटीत ३६.
सरासरी : ७१.५.