बांधाच्या अलीकडे, पलीकडे

उज्जैनजवळ भैरवगढला शिप्रा नदीकाठच्या मोकळ्या जागेत छापलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. शर्वरी माईसाठी एक चादर निवडत उभी होती. माई म्हणजे तिची आई, पण सगळी गल्ली तिला माईच म्हणायची. तेवढ्यात एक तरुण नदीच्या काठाकडे बघत बघत आला आणि सरळ ओल्या चादरीवर चढला.

“भाईसाहब, नीचे भी देख लीजिए,” शर्वरी म्हणाली.

तो दचकून एका पायावर उभा राहिला. दुसरा कुठे ठेवावा ते त्याला कळेना. “मेलो,” तो स्वतःशीच पुटपुटला.

“मराठी आहात?”

“अलिबागकडचा. इथे बँकेत आहे, सात महिने झाले... हा पाय कुठे ठेवू?”

“हवेतच राहू द्या,” ती म्हणाली. मग हसू आवरत तिनेच त्याला दोन चादरींमधली वाट दाखवली.

पावलाचा ठसा उमटलेली ती चादर त्यालाच विकत घ्यावी लागली. त्याचं नाव सुमीत म्हात्रे. टावर चौकाजवळ खोली घेऊन राहायचा आणि रविवारी सकाळी पायी भटकायचा. भैरवगढच्या पुढे एक पायवाट गव्हाच्या शेतांतून नदीपर्यंत जाते, थोडं अंतर काठाच्या बांधावरून चालते आणि वळून पुन्हा निघाल्या जागी येते. सावकाश चाललं तर तासाभराची फेरी. आमच्या गावची फेरी अगदी अशीच आहे, तो म्हणाला, फक्त नदीच्या जागी समुद्र.

पुढच्या रविवारी शर्वरी त्या वाटेवर सहज आली. त्याच्या पुढच्या रविवारीही ती सहजच आली. तिसऱ्या रविवारी मात्र, सहज आले असं सांगायचं दोघंही विसरली.

ती एका शाळेत पाचवीला शिकवायची. वर्गातल्या गोष्टी सांगताना तिचे हात थांबत नसत, आणि तो तिच्या बोलण्यापेक्षा त्या हातांकडेच जास्त बघत असे. तो बोलायचा कमी. पण गावाचा विषय निघाला की त्याची चाल मंदावायची. भरतीच्या वेळी समुद्र आमच्या भातशेतीपेक्षा उंच असतो, तो सांगायचा. मध्ये एक दगडमातीचा बांध आहे म्हणून शेत आहे. त्या बांधाचा एकेक तुकडा एकेका घराने सांभाळायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आपला तुकडा फुटला तर पाणी सगळ्या गावाच्या शेतात जातं, म्हणून कुणालाही आळस करता येत नाही. शर्वरीने समुद्र पाहिलेला नव्हता. शेतापेक्षा उंच पाणी कसं असेल, याचा ती घरी गेल्यावर भाजी निवडताना विचार करत बसायची.

गव्हाची कापणी झाली, उन्हाळा गेला, त्याच वाटेच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं राहिलं. आणि भाद्रपदातल्या एका सकाळी सुमीत बांधावर मध्येच थांबला.

“मी नोकरी सोडून गावी जातोय,” तो म्हणाला. “आईचे गुडघे गेले. बाबा एकटे पडलेत. दिवाळीपर्यंत बँकेला कळवायचंय.”

ओढणीचं टोक शर्वरी बोटाला गुंडाळत राहिली.

“तू येशील का? म्हणजे... आधी नुसतं बघायला.”

“बघायला येते,” ती म्हणाली. “हो म्हणायला नाही.”

माईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती पोस्टातून रिटायर झालेली, माणसं पारखण्यात मुरलेली बाई. मुलगा चांगला आहे, तिने निकाल दिला, पण बँकेची खुर्ची सोडून चिखलात उतरतो म्हणजे एकदा डोकं तपासून घ्यायला पाहिजे. मग तिने स्वतःची बॅग भरायला घेतली. “मी पण येऊन जाते. समुद्र काय तुझ्या एकटीसाठीच आहे?”

सुमीतच्या गावी निघालेल्या शर्वरीला रात्रभर गाडीत झोप लागली नाही. जायचं तर उज्जैन सुटणार, शाळा सुटणार, माई एकटी राहणार. न जायचं तर सुमीत सुटणार. परतीची गाडी परवा संध्याकाळची होती. त्याच्या आत तिला उत्तर द्यायचं होतं.

कोजागिरीचा दुसरा दिवस होता. दुपारी मोठी भरती येणार म्हणून सुमीतचे वडील दत्तात्रय बांधाची फेरी मारायला निघाले होते, तीच फेरी पाहुण्यांना दाखवायची ठरली. वाट सोपी होती. घरामागून निघून भाताच्या पिवळ्या खाचरांमधून जायचं, बांधावर चढायचं, समुद्राच्या कडेने चालायचं आणि नारळांच्या बाजूने उतरून परत. कापलेल्या भाताचे भारे जागोजागी पडले होते. वाऱ्याला पेंढ्याचा आणि मिठाचा वास होता. बांधावर चढल्यावर शर्वरीने पहिल्यांदा समुद्र पाहिला. ती नुसती उभी राहिली. सुमीत तिच्याकडे बघत होता, आणि तिच्या ते लक्षातच आलं नाही.

मग तो वडिलांबरोबर पुढे गेला. माईला ऊन लागलं म्हणून मायलेकी शेताच्या बाजूला उतरून बांधाच्या सावलीत बसल्या. तिथे गवतात शर्वरीला पाणी दिसलं. बारीक, स्वच्छ, बांधाच्या पायथ्यातून हळूच येणारं.

शिप्रेकाठी वाढलेल्या माणसाला बुजलेला झरा दिसला की हात आपोआप पुढे जातो. तोंडाशी अडकलेली माती काढायची, खडे बाजूला करायचे, पाणी मोकळं करायचं आणि पहिली ओंजळ डोळ्यांना लावायची. लहानपणापासून तिने घरच्यांना हेच करताना पाहिलं होतं. तिने काठीने माती उकरली, शंख-शिंपल्यांचे तुकडे काढले, ओंजळभर खळगा केला. पाणी खळखळून आलं. तिने ते डोळ्यांना लावलं. एक थेंब ओठांवर आला.

“माई... खारट आहे.”

“समुद्राजवळचा झरा आहे, खारट नाही तर काय गोड असेल?” माई डोळे मिटूनच म्हणाली.

पण पाणी आता गढूळ येत होतं आणि वाढत होतं. खळगा भरून ते भाताच्या भाऱ्यांकडे निघालं, तेव्हा शर्वरीने घाबरून हाक मारली.

दत्तात्रय धावत आले. त्यांनी पाणी पाहिलं, बाजूला काढलेली माती पाहिली, मग शर्वरीचे चिखलाचे हात पाहिले. “खेकड्याचं बीळ हाय, पोरी,” ते म्हणाले. “तू त्याला दार उघडून दिलंस.” आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागलं. त्यांनी सुमीतला समुद्राच्या बाजूने उतरायला सांगितलं आणि स्वतः बिळात कोंबायला पेंढा आणायला निघाले. माईने पदर खोचला आणि मागोमाग गेली.

बीळ बुजवायचं ते पाण्याच्या बाजूने. पण बंद झालं की नाही ते कळतं शेताच्या बाजूला. म्हणून या कामाला दोन माणसं लागतात. एक बांधाच्या पलीकडे कमरेएवढ्या पाण्यात, एक अलीकडे, धारेवर नजर ठेवून. बांध दोघांच्याही डोक्याच्या वर होता. एकमेकांचा फक्त आवाज ऐकू येत होता.

“काय दिसतंय?” सुमीतने पलीकडून विचारलं.

“धार आहे. मनगटाएवढी.”

चिखल थापल्याचा आवाज आला. “आता?”

“तेवढीच.”

“आता?”

“थोडी कमी... सुमीत, हे पाणी शेतात गेलं तर?”

“खारं पाणी बसलं की दोन-तीन वर्षं भात नाही.”

तिने डोळे पुसले. चिखल गालाला लागला. “मला हे जमणार नाही रे. मी आल्या दिवशीच बांध फोडला.”

“बाबांनी लग्नाच्या वर्षी शेतातलं पाणी सोडायचं दार भरतीला उघडं ठेवलं होतं. गाव अजून हसतं त्यांना.”

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. बरेच दिवस मनात असलेलं विचारायला हा बांध मध्ये आहे तेच बरं, असं तिला वाटलं.

“एक विचारू? बिलकुल खरं सांग. तुला बायको हवी आहे, की बांधाच्या अलीकडे उभं राहून धार सांगणारी कोणी?”

चिखल थापण्याचा आवाज थांबला.

“धार सांगायला शेजारचे येतात,” तो म्हणाला. “हाक मारली की यायचं, तशी रीतच आहे आमच्यात. तू ज्या दोन रविवारी आली नव्हतीस ना... त्या दोन्ही वेळा मी अर्ध्या वाटेवरून परत गेलो. पुढे चालवेचना. एवढंच आहे माझ्याकडे सांगायला. तू नाही म्हणालीस तरी मी इथे येणारच आहे, शर्वरी. त्याचं ओझं तुझ्यावर नाही.”

खळग्यातलं पाणी तिच्या घोट्याला लागलं.

“धार वाढली,” ती म्हणाली.

“अरे —” आणि चिखल पुन्हा थापला जाऊ लागला.

शर्वरी धारेकडे बघत होती. हा माणूस आपल्याला अडवत नाही, ओढतही नाही, हे तिला दिसत होतं. नाही म्हणून उद्या गाडीत बसलो, तर उज्जैनची ती फेरी आपल्याला तरी एकटीला चालवेल का?

“एप्रिलमध्ये माझ्या पाचवीची परीक्षा आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“त्याच्याआधी मी मुलांना सोडून येणार नाही.”

“नकोच येऊस.”

“इथे शाळा आहे?”

“आहे. शिक्षक दीड.”

“दीड?”

“एक रोज येतात. दुसरे आठवड्यातून तीन दिवस.”

“मग मला जागा आहे. माई वर्षातून चार महिने इथे राहील. तिला अजून विचारलेलं नाही, पण ती राहील. आणि मे महिन्यात...” ती थांबली. “मे महिन्यात तारीख काढून टाकू.”

पलीकडे चिखलाचा आणखी एक गोळा जोरात थापला गेला.

“म्हणजे... हो?”

“हो म्हणजे हो. आणि पाणी थांबलंय.”

तो बांधावर चढून आला, छातीपर्यंत चिखलाने माखलेला, आणि वरच उभा राहिला. तेवढ्यात खाचरातून दत्तात्रय आणि डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेली माई येताना दिसली. सुमीत-शर्वरीच्या चेहऱ्यांकडे बघून माईने भारा खाली टाकला. मी एवढं ओझं उगीच आणलं, असं ती दत्तात्रयांना म्हणाली, आणि दोघंही दुसरीकडे बघू लागली.

“सुमीत,” शर्वरी खालून म्हणाली, “उद्या भरती किती वाजता?”

“एकच्या सुमाराला. का?”

“गाडी संध्याकाळची आहे. बीळ तपासायला उद्या तू इथे अलीकडे उभा राहा. पाण्यात मी उतरते.”